मांडीवर मूल, हाती पुस्तक

(साक्षरता वर्ग पुरा केलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



तुम्ही वाचायला शिकलात. ही लहान गोष्ट नव्हे. दिवसभर रानात राबायचे, संध्याकाळी घरचे सारे उरकायचे आणि मग पाटी घेऊन वर्गाला बसायचे, हे ज्याने केले त्यालाच त्याचे कष्ट ठाऊक. आता तुम्हांला एसटीची पाटी वाचता येते. रेशनच्या पावतीवर किती धान्य लिहिले आहे ते कळते. सातबारावर आपले नाव बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

या वाचनाचा आणखी एक उपयोग आज आम्ही सांगणार आहोत. त्याला पैसा लागत नाही. रोज दहा मिनिटे मात्र लागतात.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तीन, चार, पाच वर्षांचे मूल असेल. मुलगा असेल, मुलगी असेल, नातवंड असेल. त्या मुलाला मांडीवर घ्या आणि पुस्तक वाचून दाखवा. आमचे सांगणे एवढेच. पण ते का करायचे आणि कसे करायचे, हे नीट समजून घेऊ या.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, मूल अजून शाळेत जात नाही. त्याला अ आ इ सुद्धा येत नाही. त्याला पुस्तक काय कळणार?"

आम्ही तुम्हांला उलट विचारतो. पेरणी केव्हा करता? मृगाचा पाऊस झाला की. पण शेताचे काम तेव्हा सुरू होते का? नाही. त्याच्या आधी नांगरट होते. ढेकळे फुटतात. कुळवणी होते, धसकटे वेचली जातात, शेणखत पसरले जाते. मशागत झाली नसेल तर बी कितीही चांगले असो, ते वरच्यावर राहते. पाखरे टिपून नेतात.

मुलाचेही तसेच. पहिलीत मास्तर अक्षरे पेरतात. त्याच्या आधीची मशागत घरी व्हायला हवी.

मुलाचा मेंदू लहानपणीच झपाट्याने वाढतो. सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते, असे २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. म्हणजे मूल शाळेची पायरी चढते तेव्हा मोठा हंगाम उलटून गेलेला असतो. तो हंगाम घरचा असतो. आईबापांचा असतो, आजीआजोबांचा असतो.

आम्ही पुष्कळ वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. जून महिन्यात नवी मुले यायची. आम्ही प्रत्येकाच्या हाती पुस्तक द्यायचो आणि नुसते बघत राहायचो. काही मुले पुस्तक उलटे धरायची. काही ते मागून उघडायची. काही भिऊन हातच लावायची नाहीत. फाटले तर मार बसेल, असे त्यांना वाटे. पण दोनचार मुले अशी असत की पुस्तक सरळ धरून पान उलटायची, चित्रावर बोट ठेवायची आणि विचारायची, "गुरुजी, ह्यो कोण? ह्ये काय लिवलंय?"

ही दोनचार मुले जास्त हुशार होती का? नव्हे. त्यांच्या घरी कोणीतरी पुस्तक उघडून त्यांच्याजवळ बसले होते. फरक एवढाच. पण तेवढ्या फरकाने दिवाळीपर्यंत ही मुले पुढे जायची आणि बाकीची मागे पडायची. मागे पडलेले मूल आधी गप्प होते. मग दांडी मारू लागते. मग एक दिवस गुरांमागे जाते. शाळा सुटते ती अशी हळूहळू सुटते.

आता वाचून दाखवल्याने नेमके काय होते ते पाहू.

पहिली गोष्ट शब्दांची. घरात आपण मुलाशी काय बोलतो? "ये. जेव. तिकडे जाऊ नको. गप बस." कामाच्या रगाड्यात एवढेच बोलणे होते. त्यात कोणाचा दोष नाही. पण पुस्तकात निराळे शब्द येतात. राजवाडा, जहाज, घनदाट, हळूच, चकित, वाळवंट. हे शब्द मुलाच्या कानावर पडले नाहीत, तर पुढे ते अक्षरे जुळवील पण अर्थ लागणार नाही.

हे तुम्हांला स्वतःच्या अनुभवाने कळेल. तुम्ही वर्गात 'ठिबक' हा शब्द वाचलात. ठि-ब-क. लगेच उजेड पडला, कारण रानातले ठिबक तुम्ही रोज बघता. पण पंचायतीच्या फळ्यावरचा 'अधिसूचना' हा शब्द? अ-धि-सू-च-ना. पाचही अक्षरे बरोबर वाचली, तरी हाती काही लागले नाही. वाचता आले, समजले नाही. शब्द आधी कानात असावा लागतो, तेव्हा तो डोळ्यांना ओळखू येतो.

दुसरी गोष्ट आवाजांची. 'पान' आणि 'कान' यांत शेवट सारखा आहे, पहिला आवाज वेगळा आहे. 'कमळ', 'कणीस', 'कावळा' हे सारे क च्या आवाजाने सुरू होतात. हा भेद ज्याच्या कानाला कळतो, त्याला पुढे अक्षर लवकर कळते. म्हणून यमकाची गाणी, बडबडगीते, कोडी मुलांना फार उपयोगी. मुले ती हसत हसत म्हणतात आणि कान तयार होतो.

तिसरी गोष्ट लिपीची. आपले वाचन डावीकडून उजवीकडे जाते. ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. चित्र निराळे, अक्षर निराळे. बोललेले शब्द कागदावर राहतात आणि उद्या वाचले तरी तेच निघतात. तुम्हांला हे आता सोपे वाटते. पण वर्गात पहिल्या दिवशी कसे वाटले होते ते आठवा. मूल मांडीवर बसून हे सारे न शिकवता शिकते.

चौथी गोष्ट मायेची. पुस्तक म्हणजे आईची ऊब, बापाचा आवाज, असे ज्याच्या मनात बसले, त्याला पुस्तकाची भीती राहत नाही.

हे दूरदेशीच्या जाणत्या मंडळींनीही ओळखले आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या डॉक्टरांची मोठी संघटना आहे. मूल तान्हे असल्यापासून त्याला वाचून दाखवावे, हे आईबापांना सांगा, असे तिने २०१४ साली आपल्या डॉक्टरांना कळवले. लस टोचायला आलेल्या आईला डॉक्टरने हेही सांगायचे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होऊन गेल्या. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि तिथे गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तो सारा वारली आदिवासींचा मुलूख, आजच्या पालघर जिल्ह्यातला. मुले शाळेकडे येईनात. तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. महागडी साधने तिथे नव्हती. बिया, शंखशिंपले, पाने, काड्या, हीच साधने. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

ताराबाईंनी अंगणापर्यंत आणले. अंगणातून घरात नेण्याचे काम आपले आहे.

आता तुमच्या मनातली खरी अडचण बोलू. वर्गातल्या एका बाईंनी ती आम्हांला बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझंच अजून अडखळतंय. जोडाक्षर आलं की मी थांबते. माझी थोरली सहावीत हाय, ती हसंल मला. मी धाकट्याला काय वाचून दाखवू?"

त्या बाई उसतोडीला जाणाऱ्या. दिवाळी झाली की नवराबायको टोळीबरोबर फडावर जात. उन्हाळा लागला की परत. थोरली आजीजवळ राही. चार वर्षांचा धाकटा बरोबर जाई. फडावर ना अंगणवाडी, ना बालवाडी. पोरे दिवसभर पाचटात खेळत.

आम्ही त्यांना म्हणालो, "बाई, तुम्ही अडखळता हे थोरलीला कळेल. चार वर्षांच्या पोराला कळत नाही. त्याला एवढेच कळते की आई आपल्याजवळ बसली आहे. तुम्ही सावकाश वाचता ते त्याच्या फायद्याचेच. त्याला चित्र बघायला वेळ मिळतो." आणि आम्ही त्यांना सोळा पानांचे एक चित्रांचे पुस्तक दिले.

त्यांनी ते गाठोड्यात बांधून नेले. फडावर कोपीत वीज नव्हती. बॅटरीच्या उजेडात, भाकरी झाल्यावर, त्या दोन-तीन पाने वाचत. रोज नाही जमले. पहाटेच गाडी भरायची असेल तेव्हा नाही जमले. अंग मोडून आले तेव्हा नाही जमले. पण पुस्तक एकच असल्यामुळे तेच पुन्हा पुन्हा वाचले गेले. शेजारच्या कोपीतली पोरेही येऊन बसू लागली.

त्या परत आल्या तेव्हा पुस्तकाचे वरचे पान गेले होते. कडा काळ्या झाल्या होत्या. आम्हांला ते पुस्तक बघून फार समाधान वाटले. पोरगा काही वाचू लागला नव्हता. तसे कोणी समजू नये. पण त्याला सोळाही पाने तोंडपाठ होती. कोणत्या चित्राला कोणते वाक्य, हे तो बोट ठेवून सांगे. आणि बाई? वर्गातल्या ज्या मंडळींनी सहा महिने पुस्तक उघडले नव्हते, त्यांची जोडाक्षरे पुसट झाली होती. या बाईंचे वाचन मात्र पहिल्यापेक्षा सरळ झाले होते. पोराला शिकवता शिकवता आईचे टिकले आणि वाढले.

हे ध्यानात धरा, मंडळी. विळा वापरात नसला की गंजतो. नवे शिकलेले वाचनही तसेच आहे. लहान मुलाचे पुस्तक मोठ्या अक्षरांचे असते. वाक्ये छोटी असतात. नव्या वाचकाला याहून सोयीचे पुस्तक नाही. आणि ऐकणारा असा की जो कधी चूक काढत नाही.

आता कसे वाचायचे ते पाहू.

मुलाला द्यायच्या आधी पुस्तक एकदा आपण एकट्याने वाचून घ्या. अडलेला शब्द शाळेतल्या पोराला विचारा. त्यात लाज नाही.

वेळ ठरवा. जेवणानंतर म्हणा, निजायच्या आधी म्हणा. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मूल मांडीवर किंवा शेजारी. पुस्तक असे धरा की चित्र आणि अक्षरे दोघांनाही दिसतील.

वाचताना शब्दाखालून बोट सरकवत न्या. एकेका अक्षरावर बोट आपटू नका. आपल्या लिपीत 'दिवा' लिहिताना पहिली वेलांटी द च्या आधी दिसते आणि म्हणताना नंतर येते. मुलाला तो घोळ आत्ताच कशाला? पुरा शब्द दाखवा, पुरा शब्द म्हणा.

आणि नुसते वाचून संपवू नका. मुलाला बोलते करा. समजा, पुस्तकात असे आहे:

'एक होती शेळी. तिचे नाव चांदी. चांदी माळावर गेली. आभाळ भरून आले. टपटप पाऊस पडू लागला. चांदी झाडाखाली पळाली.'

पहिली तीन वाक्ये वाचा आणि थांबा. विचारा, "शेळीचं नाव काय रे?" मूल सांगेल. मग विचारा, "आपल्या शेळीचं नाव काय?" ते खुलून सांगेल. पुढे वाचा. आभाळ भरून आल्यावर पान उलटायच्या आधी विचारा, "आता काय होईल?" मूल म्हणेल, "पाऊस येईल." कदाचित म्हणेल, "विमान येईल." म्हणू द्या. "चूक!" असे ओरडू नका. "बघू या बरं, काय येतं ते," म्हणा आणि पान उलटा. शेवटी विचारा, "चांदी झाडाखाली का पळाली?" 'काय' विचारले की मूल आठवते. 'का' विचारले की ते विचार करते.

मूल एक शब्द बोलले तर तुम्ही त्याचे वाक्य करा. ते म्हणाले, "पाऊस." तुम्ही म्हणा, "हो, टपटप पाऊस पडला आणि चांदी भिजली." असे करता करता मुलाचे बोलणे लांबते.

टपटप हा शब्द टपटप पाऊस पडल्यासारखा म्हणा. वाघ आला तर आवाज जाड करा. आपण काही नाटकातले नट नाही. पण घरात आपल्या पोरापुढे कसली लाज?

मूल तेच पुस्तक पुन्हा मागेल. दहादा मागेल. कंटाळू नका. पहिल्यांदा ते चित्र बघते, दुसऱ्यांदा गोष्ट ऐकते, पुढे शब्द धरते. मग एखादे दिवशी तुम्ही एखादा शब्द गाळलात तर तेच तुम्हांला थांबवील.

मूल उठून पळाले तर पळू द्या. पुस्तक मिटा. उद्या पुन्हा. वाचनासाठी मुलाला मारू नका. परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांपुढे "वाच बघू" म्हणून उभे करू नका. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको. ते शाळेत व्हायचेच आहे.

भाषेची एक गोष्ट. कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, कोणाच्या वऱ्हाडी, मालवणी, वारली, गोंडी. पुस्तक मराठीत असेल ते मराठीत वाचा आणि आपल्या घरच्या बोलीत समजावून सांगा. मुलाने बोलीत उत्तर दिले तर तेही बरोबरच. घरच्या बोलीचा ज्याला धाक बसला, ते मूल शाळेत तोंड उघडत नाही.

बापांना एक सांगतो. हे बायकांचे काम म्हणून सोडू नका. पारावरची दहा मिनिटे घरी द्या. आणि मुलगा मांडीवर, मुलगी भांड्यांपाशी, असे करू नका. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. मुलगी घरातल्या पुस्तकापासून दूर राहिली तर त्या कष्टांचे आपण काय केले?

ज्या आजीला अजून वाचता येत नाही, तिनेही मागे राहू नये. चित्र बघून गोष्ट सांगता येते. तिच्याजवळ जात्यावरच्या ओव्या आहेत, कहाण्या आहेत, उखाणे आहेत. तो ठेवा कोणत्याच दुकानात मिळत नाही.

पुस्तके कुठून आणायची? अंगणवाडीत चित्रांची पुस्तके असतील तर ताईंकडे मागा. शाळेच्या पेटीतली मागा. १९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली अनुदान घेणारी वाचनालये खेड्यांतही आहेत. तिथे मुलांच्या पुस्तकांचे कपाट आहे का, ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत विचारा. घरी मोबाइल असेल तर 'स्टोरीवीव्हर' या ठिकाणी मराठी चित्रगोष्टी फुकट वाचायला मिळतात. मात्र मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण उठून जायचे नाही. तो आपल्या हाती, मूल मांडीवर.

आणि काहीच मिळाले नाही तर पुस्तक घरीच करा. वहीची आठ पाने घ्या, मध्ये दोरा ओवा. मुलाला विचारा, "आज काय बघितलंस?" ते म्हणेल, "लाल गाय." मोठ्या अक्षरांत 'लाल गाय' लिहा. वर मूल चित्र काढील. गाय वांग्यासारखी दिसली तरी चालेल. आपण बोललो ते आईने लिहिले आणि ते पुन्हा वाचता आले, हे मुलाने बघितले की त्याला लिहिण्यावाचण्याचे मर्म कळले.

शेवटी थोडा हिशेब. आम्ही जुने मास्तर, हिशेबाशिवाय आम्हांला चैन पडत नाही. रोज दहा मिनिटे. वर्षाचे दिवस ३६५. मिनिटे झाली ३६५०. म्हणजे साठ तासांहून थोडे अधिक. तिसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत तीन वर्षे केले तर १८० तासांहून अधिक. निम्मे दिवस चुकले तरी ९० तास राहतात. ज्या मुलाला हे मिळाले आणि ज्याला काहीच मिळाले नाही, ती दोन्ही मुले जूनच्या पहिल्या दिवशी एकाच बाकावर बसतात. एकाच फळ्याकडे बघतात. पण दोघांना तो फळा सारखा दिसत नाही.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर मूल जागे असेल तर दोन पाने वाचा. निजले असेल तर उद्या वाचा. पुढच्या गुरुवारी वर्गाला याल तेव्हा आम्ही तुम्हांला किती पाने झाली ते विचारणार नाही. एकच विचारू. वाचताना तुमच्या मुलाने तुम्हांला काय विचारले, तेवढे सांगा. फळ्यावर आपण ते प्रश्न लिहू आणि सारे मिळून वाचू.